चारदीवारीतला चिकित्सक पाद्री

जयपूरच्या चारदीवारीतली वेधशाळा म्हणजे जंतर मंतर. तिचे गोडवे गाणारे पुष्कळ, पण तिची उणीव ज्याने लिहून ठेवली तो एक कॅथॉलिक पाद्री होता. त्याचं नाव जोसेफ टीफेनथालर. १७१० साली आल्प्सच्या कुशीतल्या बोल्झानोत जन्मलेला हा जेझुइट १७४३ मध्ये गोव्यात उतरला. जयपूरचा राजा सवाई जयसिंह याच्या या वेधशाळेत काम करायचं, हा मूळ बेत. पण राजा त्याच वर्षी वारला. पुढे टीफेनथालर जयपुरात आला, तेव्हा त्याने लिहिलं की ही जागा सखल आहे आणि भोवती भिंती आहेत, त्यामुळे ताऱ्यांचा उदयास्त नीट दिसत नाही. शिवाय यंत्रांचे भाग गिलाव्याचे, म्हणून वेध अचूक मिळत नाहीत.

धर्मप्रसारकाला इथलं सगळं उणंच दिसणार, असा आक्षेप कोणी घेईल. तो इथे टिकत नाही. त्याची टीका श्रद्धेवर नाही, जागेवर आणि चुन्यावर आहे. तिथल्या सुमारे २७ मीटर उंच सम्राट यंत्राची, म्हणजे सूर्यघड्याळाची, सावली वाचणाऱ्याला गिलाव्याचा खडबडीतपणा नडणारच. शिवाय हा माणूस निव्वळ टीकाकार नव्हता. १७७३ मध्ये पोपने जेझुइट संघ बरखास्त केला, तरी तो हिंदुस्थानातच राहिला. गंगा आणि घागरा या नद्यांचे नकाशे आणि हिंदुस्थानचं विस्तृत भूगोलवर्णन त्याने युरोपात धाडलं. ते बर्लिनमध्ये छापलं गेलं. १७८५ मध्ये लखनौला तो वारला. त्याची कबर आग्र्यात आहे.