पाणी उकळले, की झाले?

भगिनींनो, पावसाळ्यात पाणी उकळून प्या, असे आपण घरात बजावतो. योग्यच आहे, पटकी, काविळीचे जंतू उकळीने मरतात. पण पाण्यात विरघळलेले शिसे? पाणी आटते, शिसे तसेच उरते!

महाबळेश्वरची सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. इथे रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नद्यांच्या यादीत सावित्रीही होती.

अशा पाण्याचे पुढे काय होते, ते जपानच्या मिनामाताने दाखवले. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीत साठला. मासळी खाऊन मांजरे झिंगून मेली. 1956 साली माणसांचा आजार उघडकीस आला. कित्येक आया वरवर धडधाकट, पण पोटची मुले जन्मतः अपंग! पाणी, मासळी, मांजर, माणूस यांचा एकत्र विचार झाला, तेव्हाच कारण सापडले.

तेव्हा मेलेली, तरंगणारी मासळी फुकट मिळाली तरी घरी आणू नका. रसायनांची रिकामी पिंपे पाणी भरायला मुळीच घेऊ नका. प्लॅस्टिकमध्ये मुरलेले घासून जात नाही. विहिरीच्या पाण्याला वेगळा वास, रंग आला, तर चारचौघींनी मिळून ग्रामपंचायतीत जा आणि पाण्याची रासायनिक तपासणी मागा. नुसती जंतूंची नव्हे!