न झालेल्या विजयाच्या दीड लाख प्रती

अमेरिकेतील वृत्तपत्रसृष्टीच्या सर्वांत मोठ्या फजितीची तारीख सांगायची झाल्यास ३ नोव्हेंबर १९४८ हीच सांगावी लागेल. आदल्या दिवशी अध्यक्षपदासाठी मतदान झाले होते, आणि ‘शिकागो डेली ट्रिब्यून’च्या पहिल्या आवृत्तीने पान व्यापून टाकणाऱ्या ठळक मथळ्यात ड्यूई यांनी ट्रुमन यांचा पराभव केल्याचे जाहीर करून टाकले. प्रत्यक्षात डेमोक्रॅटिक पक्षाचे हॅरी ट्रुमन ३०३ निर्वाचक मते मिळवून विजयी झाले, आणि रिपब्लिकन उमेदवार, न्यूयॉर्कचे गव्हर्नर थॉमस ड्यूई १८९ वर थांबले. निर्वाचक मते म्हणजे प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरवून दिलेली मते; राज्यात जो पहिला येतो त्याच्या पदरात ती बहुधा एकगठ्ठा पडतात.

मथळ्याची कीर्ती इतकी झाली, की त्याखालच्या मजकुराकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वास्तविक खरी करमणूक तेथेच आहे. उपमथळ्यात इलिनॉय राज्यात रिपब्लिकन पक्षाची सरशी होण्याची चिन्हे असल्याचे म्हटले होते, आणि त्याच राज्यात ट्रुमन तर जिंकलेच, शिवाय गव्हर्नरपदी अॅडलाय स्टीव्हन्सन आणि सिनेटवर पॉल डग्लस असे डेमोक्रॅटिक पक्षाचेच दोघे निवडून आले. त्याच ओळीत शहरात बॉइल आघाडीवर असल्याची नोंद होती. सरकारी वकिलाच्या पदासाठी उभे असलेले हे गृहस्थ पुढे खरोखरच निवडून आले, त्यामुळे त्या अजरामर पानाच्या माथ्यावरचे एक तरी भाकीत खरे ठरले, असे न्यायबुद्धीने नमूद करणे भाग आहे. याखेरीज अंकातील पाच ओळी चक्क उलट्या छापल्या गेल्या होत्या.

या उलट्या ओळी आणि उलटा निकाल यांचे मूळ बऱ्याच अंशी एकच होते. शिकागोतील वृत्तपत्रांचे खिळे जुळवणारे कामगार नोव्हेंबर १९४७ पासून संपावर होते. त्यामुळे मजकूर टंकयंत्रावर लिहायचा, पानाचे छायाचित्र घ्यायचे आणि त्यावरून धातूचा ठसा कोरून घ्यायचा, अशा आडवळणाने अंक काढावा लागत होता. या पद्धतीत पान नेहमीपेक्षा काही तास आधी छापखान्यात धाडावे लागे. संपाच्या मुळाशी १९४७ चा टॅफ्ट-हार्टली कायदा होता. केवळ संघटनेच्या सदस्यांनाच नोकरीवर घेण्याच्या प्रथेला त्याने बंदी घातली होती. हा कायदा ट्रुमन यांनी नाकारला होता आणि रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसने त्यांचा नकार झुगारून तो मंजूर केला होता. कर्नल रॉबर्ट मॅकॉर्मिक यांचे ‘ट्रिब्यून’ कट्टर रिपब्लिकन. तेव्हा आपल्याच पक्षाच्या कायद्याने आपल्याच पत्राची अशी शोभा करावी, हा योग विनोदी लेखकालाही सहसा सुचत नाही.

मराठी दैनिकांच्या डाक आवृत्तीचा, म्हणजे दूरच्या गावांसाठी लवकर निघणाऱ्या अंकाचा, ज्यांना अनुभव आहे त्यांना कार्यकारी संपादक मलोनी यांची अडचण सहज उमगेल. पान सोडण्याची वेळ झाली तेव्हा पूर्वेकडील राज्यांतून नुकते कोठे आकडे येऊ लागले होते, आणि मुख्य मथळ्याची जागा तर मोकळी सोडता येत नव्हती. त्यांनी वॉशिंग्टनचे वार्ताहर आर्थर सीअर्स हेनिंग यांच्यावर भिस्त ठेवली. हेनिंग यांचे अंदाज मागील पाचांपैकी चार अध्यक्षीय निवडणुकांत खरे ठरले होते. पाचव्याचा विचार त्या घाईत कोणी केला नाही. रात्र चढत गेली तसा संशय बळावला आणि पुढील आवृत्तीत डेमोक्रॅटिक पक्षाने राज्यातील पदे जिंकल्याचा सावध मथळा आला, परंतु तोवर सुमारे दीड लाख प्रती छापून झाल्या होत्या.

मात्र सारे खापर ‘ट्रिब्यून’वर फोडणे अन्यायाचे आहे. ‘न्यूजवीक’ने विचारणा केलेल्या ५० राजकीय पत्रकारांपैकी पन्नासही जणांनी ड्यूई यांनाच कौल दिला होता. ‘लाइफ’ने मतदानापूर्वीच ड्यूई यांचे छायाचित्र भावी अध्यक्ष म्हणून छापले होते, तर ड्रू पिअर्सन या स्तंभलेखकाने आधीच लिहून ठेवलेला, ड्यूई यांच्या निकटवर्तीयांचा परिचय करून देणारा मजकूर निकालानंतर प्रसिद्ध झाला. बाजारात तुरी असताना भटाने भटणीला मारावे, तसाच हा प्रकार होता. या आत्मविश्वासाचा उगम जनमत चाचण्यांत होता. गॅलप यांच्या अखेरच्या चाचणीने ट्रुमन यांना ४४.५ टक्के मते दिली होती, ती प्रत्यक्षात ४९.६ टक्के निघाली. रोपर यांनी तर निकाल ठरल्यातच जमा मानून सप्टेंबरमध्येच चाचण्या थांबवल्या होत्या. त्या काळी ‘कोटा’ पद्धत रूढ होती: किती स्त्रिया, किती पुरुष, कोणत्या उत्पन्नाचे, हे वरून ठरे, पण नेमके कोणाला गाठायचे ते प्रश्नकर्त्यावर सोडलेले असे, आणि तो साहजिकच बोलायला सोपी, सुशिक्षित व सुस्थितीतील माणसे निवडी. अशा माणसांत रिपब्लिकन अधिक असत.

खुद्द ट्रुमन त्या रात्री मिसुरीतील एका हॉटेलात हॅम सँडविच खाऊन लवकर झोपले होते. मध्यरात्री जाग आली तेव्हा रेडिओवर काल्टेनबॉर्न हे नामांकित समालोचक, ट्रुमन बारा लाख मतांनी पुढे असले तरी हरणारच, असे ठासून सांगत होते; पुढे एका मेजवानीत ट्रुमन यांनी त्यांची हुबेहूब नक्कल केली. ४ नोव्हेंबरला वॉशिंग्टनला परतताना सेंट लुईस स्थानकावर गाडीच्या मागच्या सज्जात ‘ट्रिब्यून’चा तो अंक त्यांच्या हाती आला, आणि तो उंच धरून हसणाऱ्या अध्यक्षांचे छायाचित्र जगभर गेले. पुढे ‘ट्रिब्यून’ने निवडणुकीच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त त्या मथळ्याची प्रतिकृती असलेली पाटी ट्रुमन यांना भेट देण्याचे ठरवले, परंतु २६ डिसेंबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाल्यामुळे ती देता आली नाही.