वखारीची जागा

जुन्नर तालुक्यातील आळे हे गाव वारकऱ्यांना रेड्याच्या समाधीमुळे परिचित आहे. व्यापाऱ्यांना ते पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते ज्या फाट्यावर एकमेकांस छेदतात त्या फाट्यामुळे. या परिसरात कांदा साठविण्याच्या जागेस ‘बराखी’ म्हणतात. इंग्रजी ‘बॅरक’ हा शिपायांच्या राहण्याचा शब्द येथे कांद्याच्या राहण्याचा झाला आहे! त्याच अर्थक्षेत्रातील ‘वखार’ या शब्दाचा प्रवास मात्र उलट दिशेने, म्हणजे व्यापकाकडून संकुचिताकडे झालेला दिसतो. आज वखार म्हटले की लाकडाचा अड्डा अथवा धान्याचे कोठार एवढेच डोळ्यांपुढे येते. सतराव्या शतकात सातासमुद्रापलीकडील एखाद्या कंपनीची परमुलखातील शाखा, तिची कचेरी, कोठार आणि नोकरांचे बिऱ्हाड, या सर्वांस मिळून हा एकच शब्द होता.

इंग्रजांच्या कागदांत याच संस्थेस ‘फॅक्टरी’ म्हटलेले आहे. त्याचे ‘कारखाना’ असे भाषांतर अद्यापही कोठे कोठे आढळते, ते चुकीचे होय. ‘फॅक्टर’ म्हणजे धन्याच्या वतीने खरेदी-विक्री करणारा गुमास्ता. तो जेथे राहतो ती फॅक्टरी. तेथे माल तयार होत नसे. तो विकत घेऊन जहाज येईपर्यंत सांभाळला जाई. वखारीची जागा निवडताना लागणारा विचार या व्याख्येतूनच निघतो. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील समुद्र बंद राहतो. म्हणून माल महिनोन्‌महिने सुरक्षित राहील अशी कोरडी, बंदोबस्ताची जागा हवी. जहाजास जवळ आणि घाटावरून उतरणाऱ्या बैलांच्या तांड्यांसही जवळ, अशी दुहेरी सोय हवी. आणि मुलखाच्या धन्याची परवानगी तर हवीच.

राजापूर या कसोटीस उतरले. जैतापूरच्या खाडीतून आत गेल्यावर लागणाऱ्या या गावी अणुस्कुरा घाटाने देशावरचा माल येई. विजापूरकरांच्या अमलात असलेल्या या ठिकाणी इंग्रजांची वखार 1649च्या सुमारास उभी राहिली. परंतु 1660 साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरास तोफगोळे पुरविले, इतकेच नव्हे तर आपले निशाण लावून ते स्वतः उडविले. दुसऱ्याच वर्षी शिवाजी महाराजांनी वखार लुटून तेथील इंग्रजांना कैदेत टाकले. जागा उत्तम असली तरी भाडेकरूचे वर्तन तिला वाचवू शकत नाही, हे यावरून दिसते. 1674 साली राज्याभिषेकप्रसंगी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा इंग्रजांना राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण येथे वखारी घालण्याची मोकळीक मिळाली. यांपैकी कल्याणचा समावेश लक्षणीय आहे. कल्याणहून नाणेघाटाने जुन्नरास जाणारी वाट सातवाहनकाळापासून चालत आलेली. घाटमाथ्यावरील जुन्नर तेव्हा मोगलांकडे होते. किनारा न सोडता देशावरील बाजार हाताशी ठेवण्याचा हेतू या मागणीत असावा, असे मानण्यास जागा आहे.

जागा मागणाराचा विचार येथवर झाला. जागा देणाराचा विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या 1715च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त आहे, आणि तो अधिक खोल आहे. साहुकारांच्या प्रकरणात अमात्यांनी फिरंगी, इंगरेज, वलंदेज, फरासीस इत्यादी टोपीकरांस इतर सावकारांपासून वेगळे काढले आहे. (‘वलंदेज’ हे डचांचे नाव पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आले.) इतर सावकार केवळ व्यापार करतात, टोपीकरांच्या पाठीशी मात्र त्यांचे राजे आहेत, ही त्यामागील भूमिका. त्यांचे बळ आरमार आणि दारूगोळा यांत आहे. म्हणून त्यांस खाडीच्या वा समुद्राच्या काठी जागा देऊ नये, दिल्यास ते त्या बंदरी किल्लाच उभारतील. जागा द्यावयाचीच तर राजापुराप्रमाणे आत, मोठ्या शहराच्या आश्रयाने, सखल आणि आटोक्यात राहील अशी द्यावी. पक्क्या इमारतीचे घर बांधू देऊ नये. कंपनीला जे गुण वाटत, त्यांतील निम्मे अमात्यांच्या लेखी दोष होत.

हा निष्कर्ष एकट्या अमात्यांचा नव्हता. 1618 साली सुरतेस मोगलांनी इंग्रजांना दिलेल्या सवलतींत घर विकत घेण्यास वा बांधण्यास मनाई होती. ते भाड्याच्या घरात राहत. याउलट 1639 साली मद्रासेस त्यांना समुद्रकाठची वाळूची पट्टी मिळाली आणि पुढच्याच वर्षी तेथे सेंट जॉर्ज किल्ल्याचे काम सुरू झाले. मुंबईच्या बाबतीत तर जागा देणारा येथील राजा नव्हताच. ते बेट 1668 साली कंपनीस इंग्लंडच्या राजाकडून वर्षाला दहा पौंड भाड्याने मिळाले. 1687 साली कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेच्या भाड्याच्या घरातून तेथे, स्वतःच्या कोटात, हलविले.