तेहिल्लीम : गाऱ्हाण्यांचा स्तुतिग्रंथ

यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांत दीडशे स्तोत्रांचे एक पुस्तक आहे. मराठी ख्रिस्ती मंडळी त्यास ‘स्तोत्रसंहिता’ म्हणतात. मूळ हिब्रू नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे स्तुतिगीते. या नावावर विसंबून पुस्तक वाचावयास घेतले म्हणजे वाचक प्रथम बुचकळ्यात पडतो. कारण त्यात जागोजाग आढळतात ती गाऱ्हाणी! कोणी अंथरुणाला खिळला आहे, कोणावर खोटा आळ आला आहे, कोणाला आपल्याच माणसांनी टाकले आहे. आणि जो तो देवालाच जाब विचारतो आहे. स्तोत्रांची प्रकारवार विभागणी करून पाहिली तर एकट्या माणसाच्या विलापाचा वर्गच सर्वांत मोठा भरतो. मग ज्यांनी हे पुस्तक सिद्ध केले त्यांनी त्यास स्तुतीचे नाव का दिले असावे?

हा प्रश्न रावेतला मांडताना आम्हांस परकेपणा वाटत नाही. पवनेच्याच काठी, खालच्या अंगास, चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे. आणि देहू इथून कितीसे दूर? देवाशी भांडणे, त्याला निष्ठुर म्हणणे आणि तरीही त्याचे दार न सोडणे ही रीत तुकोबांच्या करुणापर अभंगांतून आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेली आहे. अशा श्रोत्याला हिब्रू येत नसेना का. निम्मी वाट त्याने चालून झालेली असते.

शिवाय ही स्तोत्रे महाराष्ट्रात काही काल-परवा आलेली नाहीत. कोकणच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत, त्या बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठीच. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून लिहिले ते याच समाजासाठी. पुढे याच समाजातील जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर या मंडळींनी कीर्तनाचा आपला थाट उचलून बायबलातील आख्याने लावली. पुण्याच्या रास्ता पेठेत १९२१ साली त्यांचे प्रार्थनामंदिर उभे राहिले. यहुदी नित्यप्रार्थनेत १४५ वे स्तोत्र दिवसातून तीनदा येते. तेव्हा या स्तोत्रांचे हिब्रू शब्द पुणेकरांच्या शेजारातच उच्चारले जात आले आहेत, आपले लक्ष गेले नाही एवढेच.

आता अर्थाकडे वळू. हिब्रू काव्याचा डौल यमकात नाही. ऑक्सफर्ड येथे व्याख्याने देणाऱ्या रॉबर्ट लोथ यांनी १७५३ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, या काव्याचा कणा म्हणजे जोडचरण. पहिल्या चरणात एक गोष्ट सांगावयाची आणि दुसऱ्यात तिच्याच जोडीची दुसरी बसवावयाची. आमच्या पदरचे उदाहरण देतो : ‘विहीर आटली, पोहरा कोरडाच वर आला.’ दुसरा चरण ही नुसती पुनरुक्ती नव्हे. तो ऐकणाऱ्याला विहिरीच्या काठावर नेऊन उभा करतो. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईला हे समजावून सांगण्याचे कारण पडणार नाही. या रचनेचा एक लाभ असा की, भाषांतरात यमक मरते, पण जोडचरण जगतो.

मरतात ते शब्द. ‘नेफेश’ हा शब्द घ्या. भाषांतरांतून त्याच्या जागी पुष्कळदा ‘आत्मा’ येतो. परंतु ‘आत्मा’ म्हटले की मराठी मनात सारा वेदान्त उभा राहतो. देह निराळा, आत्मा निराळा, आत्म्याला ना भूक ना तहान. हिब्रू नेफेशला मात्र भूक लागते, तहान लागते, तो गुदमरतो. या शब्दाचे अर्थ घसा, श्वास, प्राण, वासना आणि ‘मी स्वतः’ इतके पसरलेले आहेत. ६९ व्या स्तोत्राच्या आरंभी बुडू लागलेला माणूस पाणी कुठवर चढले ते सांगतो, तेथे हाच शब्द आहे. तेथे आत्मा कसा चालेल? पाणी गळ्याशी आले आहे! पावसाळ्यात रावेतच्या बंधाऱ्यावरून लोटणारी पवना ज्याने पाहिली आहे त्याला त्या माणसाची स्थिती समजावयास भाष्यकार नको. आमच्या मते नेफेशला मराठीत उत्तम शब्द ‘जीव’. जीव कासावीस होतो, जीव टांगणीला लागतो, जीव कंठाशी येतो. संस्कृताचा मोठा शब्द हरला आणि घरातला शब्द जिंकला.

हे ज्यांच्या ध्यानी आले होते अशा एका विदुषीचे स्मरण येथे केलेच पाहिजे. पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचे संस्कृत ऐकून ‘सरस्वती’ म्हटले होते. त्याच रमाबाईंनी उतारवयात केडगावला हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले, आणि तेही साध्या बायांना कळेल अशा सोप्या मराठीत. १९२२ साली त्या वारल्या तेव्हा काम नुकतेच हातावेगळे झाले होते. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. तो केडगावच्या छापखान्यात आश्रमातील स्त्रियांच्या हातून छापला गेला. जिला अवघड लिहिता येत नाही तिने सोपे लिहिणे वेगळे, आणि रमाबाईंनी लिहिणे वेगळे.

दुसरा शब्द ‘हेसेद’. याला दया, प्रेम, कृपा असे नाना प्रतिशब्द दिले जातात. पण दया मनात आली तर करावी, नाही तर नाही. हेसेद तशी नाही. एकदा नाते जोडले, वचन दिले, की त्याला जागणे म्हणजे हेसेद. १३६ व्या स्तोत्राच्या सव्वीसही कडव्यांत हा शब्द ध्रुपदासारखा येतो. आपल्या संतवाणीत याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द ‘ब्रीद’ होय. ‘तू पतितपावन म्हणवितोस, मग माझीच पाळी आली तेव्हा गप्प का?’ ही आपल्या संतांची तक्रार आणि हिब्रू कवीची तक्रार एकाच जातीची. फरक एवढा की ब्रीद हे देवाच्या नावलौकिकावर उभे आहे, तर हेसेद हे एका लोकसमूहाशी झालेल्या करारावर. म्हणून हिब्रू कवी पूर्वजांच्या सुटकेची आठवण देतो.

येथे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर दिसू लागते. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याच्यापाशी कोणी गाऱ्हाणे नेत नाही. गाऱ्हाणे घालणारा मनुष्य समोरच्याचा अधिकार आणि त्याचे नाते, दोन्ही मान्य करूनच तोंड उघडतो. देवाला दोष देणे ही अश्रद्धा नव्हे काय, असे आम्हांस पुष्कळदा विचारण्यात येते. या स्तोत्रांपुरते तरी उत्तर नकारार्थी आहे. तेथे अश्रद्ध माणूस बोलतच नाही, तो उठून जातो.

विलाप-स्तोत्रांत बहुधा एक चमत्कारिक वळण येते. २२ वे स्तोत्र पाहा. अर्ध्याहून अधिक भाग आक्रोश, आणि एकाएकी भर सभेत स्तुती! मध्ये काय घडले ते कवी सांगत नाही. योआखिम बेग्रिख या जर्मन पंडिताने १९३४ साली असे सुचविले की, मंदिरात विलाप ऐकल्यावर पुरोहित देवाच्या वतीने अभयवचन उच्चारीत असावा. ते वचन लिहिले गेले नाही, त्यापुढची स्तुती तेवढी राहिली. तर्क सुरेख आहे, आणि कवितेकडे बघताना ती कोठे, कोणासमोर, कोणत्या विधीत म्हटली गेली हे विचारावे, ही हेर्मान गुंकेल यांनी घालून दिलेली शिस्त त्यामागे आहे. तरी दुःख सांगून संपले की माणसाचा आवाज आपोआप बदलतो, हा अनुभव कीर्तनाला बसणाऱ्या कोणालाही आहे. प्रत्येक वळणाला पुरोहित हवाच असे आम्हांस वाटत नाही.

सर्वांत अवघड जागा म्हणजे शापवाणी. १०९ व्या स्तोत्रात एका माणसाला, त्याच्या बायकापोरांना इतके भयंकर शाप आहेत की भाविक वाचक पान उलटतो. पण नीट पाहावे. आरंभी कवीचे शत्रू अनेक आहेत, सहाव्या वचनापासून एकोणिसाव्यापर्यंत शाप मात्र ‘त्या एका’ला, आणि पुढे शत्रू पुन्हा अनेक होतात. प्राचीन हिब्रू लेखनात अवतरणचिन्हे नाहीत. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, हे शाप कवीचे नव्हेतच. शत्रूंनी त्याला दिलेले शाप तो देवापुढे वाचून दाखवीत आहे, जशी खोटी फिर्याद न्यायासनापुढे ठेवावी. एकवचनाचा हा मुद्दा भक्कम आहे. परंतु विसाव्या वचनात कवी तेच सारे शत्रूंच्या पदरी घालतो, त्यामुळे त्याचे हात अगदीच स्वच्छ राहत नाहीत. आम्ही ते स्वच्छ करूही जाऊ नये. त्याने सूड हातात घेतला नाही, बोलून दाखविला आणि निवाडा दुसऱ्यावर सोपविला, एवढे मात्र खरे.

आणि एक स्तोत्र असे आहे की त्यात वळणच नाही. ते ८८ वे. रात्रंदिवस हाक मारूनही उत्तर आलेले नाही, जिवलग दूर गेले आहेत, आणि मूळ हिब्रूत स्तोत्राचा शेवटचा शब्द ‘अंधार’ हा आहे. पुढे एक ओळ नाही, धीराचा एक शब्द नाही. संग्रह करणाऱ्यांना त्याच्या शेवटी दोन ओळी स्तुतीच्या जोडता आल्या असत्या, जोडल्या नाहीत. ते स्तोत्र त्यांनी होते तसेच ठेवले, क्रमांक दिला, आणि ‘स्तुतिगीते’ या नावाच्या पुस्तकात बांधले.