मागचा गिअर कधी पडतो, कधी अडतो



कांद्याची जीप घेऊन काट्यावर जावं आणि नेमका तिथंच मागचा गिअर पडू नये. पुढं भिंत, मागं रांग. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे न्यावी तर गिअर झटक्यात पडतो! असा अधूनमधून होणारा बिघाड पकडणं अवघड. म्हणून गिअरबॉक्स खोलायला परवानगी देण्याआधी काही गोष्टी स्वतः तपासून पाहा. खोलणं महागात पडतं, आणि दोष पुष्कळदा बाहेरच असतो.

आधी कारण समजून घ्या. पुढच्या गिअरांत दात जुळण्याआधी वेग सारखा करणारी पितळी कडी असते. मागच्या गिअरला ती बहुतेक गाड्यांत नसते (काही नव्या गाड्यांत असते). तिथं सरळ एक चाक सरकून दुसऱ्या दोन चाकांत अडकतं. क्लच दाबल्यावरही आतला दांडा क्षणभर फिरतच राहतो. तेवढ्यात गिअर टाकला की खर्रखर्र होते. उलट दांडा थांबला आणि दातासमोर दात आला, तर गिअर अडतो. हा काही बिघाड नव्हे. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा, मग गिअर टाका. अडला तर न्यूट्रल करा, क्लच सोडा, पुन्हा दाबा. दांडगाई करू नका. गाडी पुढं सरकत असताना मागचा गिअर टाकायची सवय असेल तर दातांची टोकं झिजतात, आणि तो खर्च मात्र खराच.

थांबूनही खर्रखर्र होत असेल तर सपाट जागी इंजिन बंद करून गिअर टाकून पाहा. एकदा अडला तर गाडी वीतभर ढकलून पुन्हा पाहा. बंद इंजिनात सहज पडतो, चालू इंजिनात नाही, तर क्लच पुरता सुटत नाही असं समजा. पहिला गिअरही जड जात असेल तर खात्रीच. आधी पायाखाली बघा! अंथरलेल्या पोत्यामुळे पेडल तळापर्यंत जात नाही, असंही होतं. मग केबल ढिली आहे का पाहा. तेलाचा क्लच असेल तर डबीतलं तेल पाहा. दोन-तीनदा पेडल मारल्यावर गिअर पडतो, तर नळीत हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचं रबर गेलं आहे. डबीत झाकणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल घाला. इंजिनचं तेल घातलंत तर रबर फुगून सगळंच बसेल.

बंद इंजिनातही पडत नसेल तर दांड्याखालचे बुश, जोड आणि केबल बघा. चिखल साचतो, बुश झिजतात, मग दांडा पुरता सरकत नाही. काही गाड्यांत दांड्याची कडी वर उचलावी लागते किंवा दांडा खाली दाबावा लागतो, तेही तपासा.

गिअर पडतो पण मागं जाताना आपोआप सुटतो, तर बाहेरचे जोड आणि इंजिनचे रबरी पाये आधी पाहा. ते ठीक असतील तर दोष आत आहे. मग खोलायला हरकत नाही. गिअरचं तेल काढताना त्यात धातूचे तुकडे दिसले तर मिस्त्रीला जरूर दाखवा.

दुरुस्ती होईतो गाडी अशा जागी लावा की मागं घ्यावी लागणार नाही. कठडा नसलेल्या विहिरीकडे किंवा उतारावर तोंड करून तर मुळीच लावू नका: तिथं मागचा गिअर पडला नाही आणि ब्रेकवरचा पाय निघाला, तर गाडी पुढंच जाणार.