माशीचा मेंदू संगणकात कसा उतरला?

समजा तुमच्या वर्गाने गावाचा नकाशा काढायचं ठरवलं. प्रत्येकाने आपापल्या गल्लीचा नकाशा काढून आणला. पण एकाने एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर धरले, तर दुसऱ्याने पन्नास मीटर. आता हे कागद शेजारी ठेवले तर रस्त्याला रस्ता जुळेल का? नाही ना! मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही अशीच अडचण असते.

आपला मेंदू चेतापेशींचा बनलेला आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्या एकमेकींना संदेश पाठवतात. एवढा पसारा एका प्रयोगशाळेला झेपणारा नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी लहान मेंदूपासून सुरुवात केली. पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी बारीक फळमाशी तुम्ही पाहिलीच असेल. तिचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा!

नकाशा कसा तयार झाला?

अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रात एका मादी माशीच्या मेंदूच्या सात हजारांहून अधिक चकत्या कापल्या गेल्या. चकती इतकी पातळ, की वहीच्या एका कागदाच्या जाडीत तशा सुमारे दोन हजार मावतील. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांचे फोटो काढले आणि ते सर्वांसाठी खुले केले.

पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात सेबॅस्टियन स्युंग आणि माला मूर्ती यांच्या पुढाकाराने ‘फ्लायवायर’ हा प्रकल्प उभा राहिला. फोटोंमधला प्रत्येक धागा कुठून कुठे जातो ते आधी संगणकाने ओळखलं. पण संगणक चुका करतो. कुठे दोन पेशी एकच समजतो, तर कुठे एका पेशीचे दोन तुकडे करतो. मग अनेक देशांतले शास्त्रज्ञ आणि हौशी स्वयंसेवक एकाच नकाशावर या चुका दुरुस्त करत बसले. २०२४ मध्ये काम पूर्ण झालं. त्यात १,३९,२५५ चेतापेशी आणि पाच कोटींहून अधिक जोड आहेत.

नकाशातून मॉडेल

नकाशा म्हणजे मेंदू नव्हे. रस्ते कळले म्हणून रहदारी कळत नाही. त्यासाठी फिलिप श्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खुल्या नकाशावरून संगणकात मॉडेल बनवलं. त्याचा नियम सोपा आहे. प्रत्येक पेशी आलेल्या संदेशांची बेरीज करते. काही संदेश बेरीज वाढवतात, काही कमी करतात. बेरीज ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचली, की ती पेशी स्वतः पुढे संदेश पाठवते.

मॉडेलमध्ये गोड चव ओळखणाऱ्या पेशी चालू केल्या. संदेश एका पेशीतून दुसरीत असे जात जात माशीची सोंड हलवणाऱ्या पेशीपर्यंत पोहोचले! खऱ्या माशीला साखर लागली की तीही सोंड बाहेर काढते. मॉडेलने वर्तवलेले बरेचसे अंदाज खऱ्या माश्यांवरच्या प्रयोगांतही बरोबर निघाले.

पण या मॉडेलला मर्यादाही आहेत. संदेश येत नसेल तेव्हा पेशी अगदी गप्प असते, असं त्यात धरलं आहे. मेंदूत पसरणाऱ्या अनेक रसायनांचा परिणामही त्यात नाही. म्हणजे ही माशी संगणकात जिवंत झालेली नाही.

मोठं स्वप्न आणि धडा

२००९ मध्ये हेन्री मार्करम यांनी माणसाच्या मेंदूचं मॉडेल दहा वर्षांत होऊ शकेल, असं म्हटलं होतं. २०१३ मध्ये युरोपात ‘ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट’ सुरू झाला. पण वर्षभरातच शेकडो शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून त्याच्या दिशेवर आणि कारभारावर आक्षेप घेतला. नंतर कारभारात बदल झाले. २०२३ मध्ये प्रकल्प संपला. उपयोगी साधनं आणि सामायिक माहितीसाठा मागे राहिला, पण संपूर्ण मानवी मेंदूचं मॉडेल काही झालं नाही.

यातून काय शिकायचं? नुसती माणसं आणि पैसा जमवून सहकार्य होत नाही. सगळ्यांचं माप एक हवं, माहिती खुली हवी आणि एकाचं काम दुसऱ्याने तपासायला हवं. एकमेकांच्या मेंदूच्या पेशी न पेशी समजून घ्यायला अजून बराच वेळ लागेल, पण एकमेकांचं काम तपासायला आपण आजपासूनच शिकू शकतो.

करून पाहा : चार-पाच जणांचा गट करा. शाळेच्या आवाराचे भाग वाटून घ्या, पण आधी सगळ्यांनी मिळून प्रमाण ठरवा. नकाशे जोडण्यापूर्वी प्रत्येकाने शेजाऱ्याचा नकाशा तपासा. किती चुका सापडल्या ते वहीत लिहा.