वाकडे दात आणि लग्नाची घाई

विवाहाची तारीख ठरली की काही घरांत एकाएकी मुलीच्या दातांकडे लक्ष जाते. पुढचे दोन दात पुढे आलेले असतात, एखादा सुळा वर चढलेला असतो. इतकी वर्षे त्याविषयी कोणी चकार शब्द काढलेला नसतो; आता मात्र महिन्याभरात सारे सरळ झाले पाहिजे! मग बडोद्यास धाव घेतली जाते. ही घाई किती महाग पडते, हे आम्ही वाचकांच्या ध्यानी आणू इच्छितो.

दात जबड्याच्या हाडात पक्का रोवलेला असतो. तारेने त्यावर मंद दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड झिजते व मागील बाजूस नवे हाड तयार होते. अशा रीतीने दात महिन्यास सुमारे १ मिलिमीटर सरकतो. म्हणूनच या उपचारास बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात. दातांची फार दाटी असल्यास एखाददुसरी उपदाढ काढून जागा करावी लागते. तारा निघाल्यावरही दात जुन्या जागी परतू पाहतात. त्यांना आवरण्यासाठी 'रिटेनर' वापरावा लागतो, आणि पुष्कळ मुले नेमका तोच कपाटात ठेवून देतात.

महिन्याभरात दात सरळ दिसतात ते निराळ्या उपायाने. चांगले दात कानसून त्यांवर टोप्या बसवितात. कानसलेले एनॅमल पुन्हा येत नाही आणि टोपी पुढे केव्हातरी बदलावी लागते. तुटलेल्या दातास टोपी हे वरदानच आहे. परंतु विशीतल्या मुलीच्या निरोगी दातांवर ती का चढवावी? डागच काढावयाचे असतील तर आधी कीट काढून घ्यावे. कीट काढल्याने दात हलू लागतात, हा समज खोटा आहे. हिरड्या सैल होतात त्या साचलेल्या कीटामुळे. मिश्री मात्र सोडावी लागेल.

मुलास सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दाखवून ठेवावे. दुधाचे दात पडणारच, म्हणून ते किडू देऊ नयेत. दुधाची दाढ अकाली गेली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात व खालून येणारा दात वाकडा उगवतो. तारा बहुधा अकरा ते चौदा या वयात लावतात. हिरड्या निरोगी असल्यास प्रौढांसही लावता येतात.

कोणाकडे जावे? १९४८ साली झालेल्या कायद्याने देशात दंतवैद्यांची नोंदणी सुरू केली. तेव्हा राज्य दंत परिषदेचा नोंदणीक्रमांक विचारण्यास संकोच बाळगू नये. तारांच्या कामासाठी बी. डी. एस. नंतर ऑर्थोडॉन्टिक्स या विषयात एम. डी. एस. झालेला तज्ज्ञ पाहावा. रस्त्याच्या कडेला बसून दात चिकटवून देणाऱ्याकडे तर फिरकूच नये. त्याच्या मसाल्याने हिरड्या सडतात. बडोद्याजवळ वाघोडिया तालुक्यात, पिपरिया येथे के. एम. शाह दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. अशा शिक्षणसंस्थांत विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ अधिक मोडतो, परंतु खर्च सामान्यतः कमी येतो. पहिल्याच भेटीत एकूण खर्च, हप्ते आणि रिटेनरचे पैसे त्यात धरले आहेत की नाहीत, हे कागदावर लिहून घ्यावे.